वायर बॉडीला टेकवण्याआधी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गल्लीत पाच गाळे एकमेकांना चिकटून आहेत. एक पाट्यांचं काम करतो, एक रेडिएटरवाला, एक डेंटिंग-पेंटिंगवाला, आमच्या भिंतीला लागून फॅब्रिकेशनवाला, आणि पाचवा मी. गाड्यांच्या वायरिंगची कामं करून बावीस वर्षं झाली. सेल्फ, डायनामो, हॉर्न, एसीचा पंखा, जे काही वायरीवर चालतं ते माझ्याकडे येतं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारचा दिवस मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

सकाळी नऊच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, मागे एक छोटा नळ. उतरले ते नौपाड्यातले काका, मागोमाग काकू. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. मला म्हणाले, "अहो, हे आमचं घर आहे बरं का. जरा जपून हात लावा."

गाडी २००८ची. टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ साली बजाज टेम्पोने आणली, मर्सिडीजच्या टी१ व्हॅनवरून. २००५मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण गल्लीत अजून कोणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. इंजिन दणकट, सामान कुठेही मिळतं, आणि आत माणूस जवळपास ताठ उभा राहू शकतो. म्हणूनच फिरतं घर करायचं म्हटलं की लोक हीच गाडी शोधतात. २०२१मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून माझ्याकडेही अशा चौकशा येतात. ही गाडी त्याआधीचीच. पहिल्या मालकाने सीटं काढून घर केलं, दुसऱ्याने आतलं फर्निचर बदललं, काका तिसरे. आरसी बुकात बदलाची नोंद होती, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही झालेलं होतं. कागद बघून मला बरं वाटलं. पुष्कळ जण या बाबतीत डोळेझाक करतात.

तक्रार साधी होती. आतली बॅटरी टिकत नाही. रात्री पंखा लावला की पहाटे तीन-चारला बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना वेळासला निघायचं होतं, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला. माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असा रस्ता काकांनी कागदावर लिहूनच आणला होता. "आज संध्याकाळपर्यंत करून द्या, हवं तर बॅटरी नवी टाका."

मी आत चढलो. दोन बाकं, त्यांचाच रात्री पलंग होतो. हातभर ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी. काकूंनी भिंतीला गणपतीचा फोटो लावलेला, खाली कुंकवाची डबी स्क्रूने पक्की केलेली. मागच्या दाराजवळ ओट्याखाली एक कपाट, बॅटरी त्यातच. मीटर लावला, ११.९ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. ठाण्यातल्या ठाण्यात का होईना, गाडी आत्ताच चालून आली होती, म्हणजे चार्जिंग पोचत नव्हतं.

मी वाकून काम सुरू करत होतो तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, "आणि हो, सकाळी उठलं की एक घाण वास येतो. सडक्या कांद्यासारखा. मागच्या आठवड्यात नागावला राहिलो ना, तर माझं डोकंच धरलं होतं. दार उघडलं की जातो." काका म्हणाले, "उंदीर मेला असेल कुठेतरी." मी "बघतो" म्हटलं आणि खरं सांगायचं तर लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात व्होल्ट होते.

कपाटात बॅटरीशेजारी रिले होता, इंजिनाच्या बाजूने येणारा करंट आतल्या बॅटरीला जोडणारा. पुढून येणारी जाड लाल वायर मी रिलेवरून सोडवली. वायरमध्ये करंट येतोय का हे बघायची आमच्या धंद्यातली एक जुनी सवय आहे. मीटर बाजूला असला तरी हात आपोआप तेच करतो. वायरचं उघडं टोक बॉडीच्या पत्र्याला झटकन घासायचं. ठिणगी उडाली की करंट आहे. दिवसातून दहा वेळा मी हे करत असेन.

टोक हातात धरलं, पत्रा दिसावा म्हणून डोकं पार कपाटाच्या तळाशी नेलं, आणि तिथे तो वास आला. उंदराचा नव्हता. वायरचं टोक आणि पत्रा यांच्यात बोटभर अंतर असेल. बॅटरीच्या पलीकडे, अंधारात, ५ किलोचा छोटा सिलिंडर उभा होता. रेग्युलेटर चालू. येताना वाटेत थांबून त्यांनी चहा केला होता.

हात तिथेच थांबला. माझे कान गरम झाले होते, एवढं आठवतं.

वायर जिवंत होती, नुसती सोडून देता येत नव्हती. खिशातली टेप दाताने तोडली आणि टोकाला चार वेढे घातले. मग ओरडलो, "कोणी बटण दाबू नका, चावी फिरवू नका, सगळे खाली उतरा!" पोऱ्याला दोन्ही दारं, सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, काढला, वर टोपी बसवली. आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडे ग्राइंडर सुरू झाला.

फॅब्रिकेशनवाला गेट घासायला घेतो तेव्हा ठिणग्या गल्लीत आमच्या उंबऱ्यापर्यंत येतात. मी सिलिंडर तसाच हातात घेऊन धावत सुटायचं की आधी त्याला थांबवायचं? पोऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि तो आधी धावला. "बंद कर, गॅस आहे!" ग्राइंडर थांबला. त्याने का, कशाला, काही विचारलं नाही, थेट मेन स्विच पाडला. वीस वर्षांचा शेजार आहे आमचा, त्याचं मोल त्या क्षणी कळलं. मी सिलिंडर गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली मोकळ्यावर नेऊन ठेवला.

बॅटरीचं टर्मिनल मात्र लगेच काढलं नाही. लोक गॅसचा वास आला की पहिल्यांदा मेन स्विच किंवा बॅटरी काढायला धावतात, पण तिथेच आत काढताना ठिणगी पडते. आधी हवा, मग हात. गॅस हवेपेक्षा जड, साधारण दीड ते दोन पट. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो, सांदीत बसतो. म्हणून अर्धा तास दारं उघडी ठेवली आणि ओल्या गोणपाटाने तळाची हवा दाराकडे हाकलत राहिलो. घरात असं झालं तर गॅसगळतीच्या १९०६ या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे मी काकूंना तिथेच लिहून दिलं.

काकू पिंपळाच्या पारावर बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "आम्ही रोज रात्री त्याच्यावर झोपत होतो हो." त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. पाणी दिलं.

मग शोध सुरू केला. सिलिंडर मोकळ्यावरच ठेवून नळी लावली आणि साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. व्हॉल्व्हवर काही नाही, क्लिपवर काही नाही. शेगडीकडून वीतभर अंतरावर नळीच्या पोटाशी एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. फुगला, फुटला, पुन्हा आला. तिथे नळी कपाटाच्या लोखंडी अँगलमधल्या भोकातून जात होती. भोकाला ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसवायची रबरी रिंग नाही, कड तशीच धारदार. घरातली नळी वर्षानुवर्षं हलत नाही. इथे प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला ती त्या कडेवर घासत होती. शिवाय नळी साधी रबराची. आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी असती तर इतक्या सहज कापली गेली नसती. तीही पाच वर्षांनी बदलायची असते, वर साल छापलेलं असतं. या नळीवर काही छापलेलं असलंच तर ते कधीच पुसून गेलं होतं.

गळती एवढी बारीक की दिवसा कळायचं नाही. रात्री दारं बंद, रेग्युलेटर चालू राहिलेला, सहा-सात तासांत तळाशी थर. आत झोपलेल्या माणसाच्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून वास उठल्यावरच, तोही बाहेर जाऊन परत आल्यावर जाणवतो. आणि सकाळी काका चावी फिरवायचे तेव्हा त्याच कपाटातला रिले खट् करून जोडला जायचा. रिलेच्या आत प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते. मग इतके दिवस पेटलं का नाही? हवेत हा गॅस साधारण २ ते ९ टक्के असेल तेव्हाच पेट घेतो, कमी असला तरी नाही, जास्त असला तरी नाही. त्या पट्ट्याच्या बाहेर राहिलो, एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यापुढचं. बॅटरी बाहेर काढल्यावर तळाचं विनाइल उसवलेलं दिसलं. पेचकसाने उचकटलं. खाली प्लाय. प्लायचे चार स्क्रू काढले, तर खाली गाडीच्या मूळ पत्र्यात मुठीएवढी दोन गोल भोकं, वर जाळी गंजून लाल झालेली. जाळीतून खाली गल्लीचा रस्ता दिसत होता.

म्हणजे ज्याने पहिल्यांदा ही गाडी बांधली त्याला ठाऊक होतं. गॅस गळला तर तो खाली जाणार, म्हणून त्याने सिलिंडरच्या कपाटाला खालून वाट ठेवली होती. कड तासून गुळगुळीत केलेली, जाळी नीट रिव्हेट मारून बसवलेली. कोण होता माहीत नाही, पण त्याचं काम बघून मी दोन मिनिटं तसाच गुडघ्यावर बसून राहिलो. पुढे दुसऱ्या मालकाच्या वेळी कोणीतरी त्यावर प्लाय मारला. काकांनी जुन्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, सुताराने केलं, तिथून उंदीर येत होते, भोकं कशाला होती कुणाला माहीत. आणि त्याच सुमाराला कुठल्या तरी वायरमनने रिकामी जागा दिसली म्हणून बॅटरी आणून सिलिंडरच्या शेजारी ठेवली. तो वायरमन माझ्यासारखाच असणार, याचा मला फार त्रास झाला. सुताराने लाकूड बघितलं, त्याने वायर बघितली, मी व्होल्ट बघत होतो. गाडीला घर म्हणून बघणारं आणि घराला गाडी म्हणून बघणारं कोणीच नव्हतं. वास तेवढा काकूंना आला होता, आणि आम्ही तो उंदरावर घातला.

बाकीचं काम सरळ होतं. चार्जिंग पोचत नव्हतं कारण डायनामोपासून मागेपर्यंत वीस फूट वायर नेली होती ती दीड चौरस मिलिमीटरची. इंजिनाजवळ १४.१ व्होल्ट, मागे बॅटरीवर १२.९. एवढ्यावर बॅटरी कधीच भरत नाही. सोळा चौरस मिलिमीटरची वायर टाकली, दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभरात फ्यूज, आणि बॅटरी रिलेसकट पुढच्या बाकाखाली वेगळ्या बंद पेटीत, हवा बाहेर जायला तिला स्वतंत्र नळी. बॅटरी चार्ज होताना तिच्यातूनही हायड्रोजन निघतो, तेव्हा तिचीही सोय लागतेच. बॅटरी नवी टाकायची गरजच पडली नाही. काका पैसे काढून तयार होते, पण ती रात्रभर चार्जरवर ठेवली आणि धरली तिने.

जाता जाता मागच्या टायरवर हात फिरवला. नक्षी छान शिल्लक होती, पण बाजूला बारीक भेगा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. १८१४, म्हणजे २०१४चा अठरावा आठवडा. ऐंशी लिटर पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे, सगळं वजन यांच्यावर. काकांना म्हटलं, "उद्या नाही जायचं." ते काही बोलणार होते. काकूंनी त्यांच्या दंडाला हात लावला, आणि ते गप्प झाले.

मंगळवारी टायर आले. बुधवारी संध्याकाळी त्या दोघांना घेऊन मी घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटापर्यंत गेलो, मुद्दाम खड्ड्यांतून, मुद्दाम ब्रेक मारत. वर पोचल्यावर मागचं दार उघडून नवी नळी, ग्रोमेट, क्लिपा सगळ्यांवर पुन्हा साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा नाही. काकूंनी तिथेच चहा ठेवला. उकळी येईपर्यंत आम्ही तिघंही शेगडीकडेच बघत होतो. चहा ओतल्यावर त्यांनी स्वतः वाकून रेग्युलेटर बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

गुरुवारी पहाटे ते निघणार होते. आदल्या रात्री गल्लीत परत आल्यावर पेंटर मामांकडून लाल ऑइलपेंट आणि बारीक ब्रश मागून घेतला. प्लाय केव्हाच फेकून दिला होता, जाळी नवी स्टीलची बसवली होती, उंदीर जाणार नाही अशा बारीक डोळ्यांची. माझं अक्षर बरं नाही म्हणून लिहायला मामांनाच बसवलं. टॉर्च मी धरला. कपाटाच्या आतल्या बाजूला, दार उघडलं की पहिल्यांदा दिसेल अशा जागी, त्यांनी लिहिलं: ही भोकं गॅससाठी आहेत. बुजवू नयेत. इथे बॅटरी ठेवू नये.

रंग वाळेपर्यंत दार उघडं ठेवलं.