काट्यानं वाकडं दाखवलंय

आमच्या फिजिक्सच्या सरांचं सूत्रांशी वैर नव्हतं, पण मुलांच्या हाती आकडे आल्याशिवाय ते सूत्र फळ्यावर लिहीत नसत. पुस्तकं हिंदीत, समजावणं मराठीत आणि रागावणं खास ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या हिंदीत! प्रयोगशाळेत शिरलं की पहिलं काम म्हणजे तारांची टोकं पॉलिश पेपरनं लखलखीत घासायची. मग सेल, प्लग की म्हणजे स्विच, करंट कमी-जास्त करणारा रिओस्टॅट, करंट मोजणारा अ‍ॅमीटर एका ओळीत. व्होल्टमीटर तेवढा तपासायच्या तारेच्या दोन टोकांना समांतर.

हीटरमध्ये असते त्या नायक्रोमच्या तारेचा व्होल्टेज-करंटचा ग्राफ सगळ्यांचाच सरळ यायचा. व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, म्हणजे तारेचा रोध, ती करंटला किती अडवते ते; गुणलं की वॅट. पाठ इथेच संपला असता. पण सरांनी तारेच्या जागी ६ व्होल्ट, ३ वॅटचा बल्ब लावला. १ व्होल्टला काटा ०.२ अँपिअरच्या आसपास, म्हणजे रोध ५ ओहम. रिओस्टॅट सरकवत ६ व्होल्टला नेलं तर ०.५ अँपिअर, म्हणजे १२ ओहम. आणि बल्ब तोच! आमच्यातल्या एकानं नको ते बिंदू खोडून पट्टीनं सरळ रेघ मारली. सर म्हणाले, "काट्यानं वाकडं दाखवलंय, तू कोण सरळ करणारा?"

मग कारण आमच्याच तोंडून वदवलं : टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो. २३० व्होल्टवर जळणाऱ्या १०० वॅटच्या बल्बचा रोध येतो ५२९ ओहम. थंड असताना तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे सुरुवातीला करंट फार शिरतो; म्हणून तर बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडायचा.

सेल लवकर उतरायचे, काटा खाली सरकत राहायचा. आम्ही कुरकुरलो की ज्याच्या नावावरून रोधाचं माप पडलं, त्या गेओर्ग ओहमचा दाखला सर देत. तोही जर्मनीतल्या कोलोनच्या एका शाळेत मास्तर. त्यालाही बॅटरीनं असंच छळलं; शेवटी ती सोडून तो तापमानाच्या फरकावर चालणाऱ्या थर्मोकपलकडे वळला. १८२७ साली त्याचं विजेवरचं पुस्तक निघालं, पण त्याच्या देशात फारसं कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं १८४१ मध्ये. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. मास्तराला मास्तराचा अभिमान, दुसरं काय!

पुढे मी नया बाजारात मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. ग्वाल्हेरची थंडी म्हणजे कॉइलच्या हीटरचा हंगाम. कॉइल तुटली की लोक जळका तुकडा काढून, पीळ देऊन जोडतात आणि वर सांगतात, "पहिल्यापेक्षा छान तापतो!" तापणारच. कॉइल दहावा हिस्सा आखूड झाली की रोधही तेवढा घटतो, करंट वाढतो आणि १००० वॅटचा हीटर ११०० च्या वर जातो. मग पुन्हा लवकर तुटतो. उलट संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की तोच हीटर जेमतेम ६०० वॅट देतो. व्होल्टेज बावीस टक्के पडलं, मग उष्णता जवळजवळ चाळीस टक्के कशी गेली, असं कुणी विचारलं की मी पुठ्ठ्यावर मांडून दाखवतो : व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो, मार दुहेरी बसतो.

आमची बॅच शाळेला डिजिटल मीटर देणार आहे. जरूर द्यावेत. पण जुने काटेवाले मीटर भंगारात घालू नका, ही व्यवस्थापनाला विनंती. लूज कनेक्शनवर काटा कसा थरथरतो, ते मुलांना दिसायला हवं. दुरुस्तीला माझ्याकडे पाठवा. मजुरी घेणार नाही.