पाचवा गोल

पहाटे पावणेपाच.

जाग येताच जिभेने आधी डावा गाल चाचपला. रिकामा होता. तरी उठून बसल्यावर थुंकी गिळायची हिंमत होईना.

स्वप्नात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव होता. पंगत उठलेली, मागच्या बाजूला खुर्च्या ओढून चारपाच जण बसलेले. एकाने तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटलेल्या खर्ऱ्याची पन्नी पुढे केली आणि मी चिमूट उचलून गालात ठेवली, एकोणीस वर्षं ठेवत होतो तशीच. मनात कसली ओढाताणही नाही. दोनदा थुंकून झाल्यावर आठवलं, अरे, आपण तर सोडलाय! पुढे सगळी लपवालपवी. मुलगी समोरून काहीतरी विचारत येतेय आणि मला तोंड उघडता येत नाही.

आज अकरा महिने चार दिवस झाले. सोडला तेव्हा तोंडात जेमतेम अडीच बोटं जायची, आजही अडीचच जातात. सुपारीने गाल एकदा आतून आखडला की तो सहसा पूर्ववत होत नाही, आहे तेवढं राखा, असं दाताच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे माझी कमाई आरशात दिसणारी नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या फुल्या, तेवढीच. म्हणून ती स्वप्नात गेली तरी पोटात गोळा येतो.

पहिल्यांदा असं स्वप्न पडलं तेव्हा बायकोला सांगितलं. ती सहज म्हणाली, ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे.’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मला ते फार लागलं. आईला तर सांगतच नाही. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं ती मानते. रात्र सरते तसा झोपेतला स्वप्नांचा टप्पा लांबत जातो, म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात, एवढंच त्यातलं खरं. पण बायकोच्या म्हणीला उत्तर शोधायला मला बरेच महिने लागले.

सिगारेट सोडून एक ते चार आठवडे झालेल्या २९३ जणांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला होता. साधारण तिघांतल्या एकाला आपण सिगारेट ओढतोय असं स्वप्न पडलं होतं, आणि बहुतेकांना त्यात घाबरल्यासारखं, अपराधी वाटलं होतं. ओढत होते तेव्हा मात्र जवळजवळ कुणालाच अशी स्वप्नं पडत नव्हती. आणि ज्यांना स्वप्नात वाईट वाटलं, ते पुढे सिगारेटपासून दूर राहण्याची शक्यता जास्त दिसली. ते वाचून मी त्या दिवशी खूप वेळ नुसता बसून राहिलो.

कारण तलफ कशी असते ते मला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात डोकं बधिर असायचं, पोरीच्या वहीवर शाई सांडली तर मी तिच्यावर केवढा ओरडलो होतो. या स्वप्नांत तलफ नसते. चुन्याची चरचर नाही, चवही नाही. असतो तो धसका. मनी वसतोय तो खर्रा नव्हे, हे अकरा महिने वसताहेत.

भीती वाटते ती हाताची. तो मला न विचारता पन्नीकडे गेला. मागची स्वप्नं आठवून पाहिली: बसस्टँड, चहाची टपरी, ऑफिसचा जिना, एका मयतीनंतरची बैठक. एकाही स्वप्नात मी एकटा नव्हतो, आणि विकतही घेतला नव्हता. दर वेळी कुणीतरी आपुलकीने पुढे केला होता.

पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न आहे. पंगतीत वाढायला मी उभा राहतो, असं आजच फोन करून सांगणार आहे. भाताचं घमेलं हातात असलं की दुसरं काही घेता येत नाही.

‘काहून उठला रे इतक्या लवकर?’ आईने आतून विचारलं. म्हटलं, ‘पाणी प्यायला.’ आजच्या तारखेवर फुली मारली आणि शेजारी स्वप्नाचा छोटा गोल काढला. पाचवा.