तिसरी रांग सोडायची कधी?

रविवार, रात्री

आज सगळ्यांत उशिरा संपलेला बुद्धिबळाचा डाव दोन क्लब खेळाडूंचा होता. ओपनिंग, म्हणजे सुरुवात, इटालियन पद्धतीची, वजीर लवकर बदलले गेले, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. खरी लढत हत्तीच्या एंडिंगमध्ये, म्हणजे राजे, हत्ती आणि प्यादं एवढंच उरलेल्या शेवटच्या टप्प्यात झाली. पांढरा राजा डी५ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या रांगेचा), प्यादं ई५, हत्ती एच७. काळा राजा ई८, हत्ती ए६.

ही थेट फिलिडोरची पोझिशन. फ्रेंच संगीतकार आणि बुद्धिबळपटू फिलिडोरने ती १७७७ मध्ये मांडली. काळ्याचा हत्ती त्याच्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या रांगेवर आहे, तोवर पांढऱ्या राजाला त्या, म्हणजे पांढऱ्याकडून सहाव्या, रांगेत शिरता येत नाही. काळ्याने ए६, बी६, पुन्हा ए६ असं शांतपणे थांबायचं. सी६ मात्र टाळायचं, तिथे राजाच हत्ती मारतो.

इथवर काळा अचूक खेळला. मग पांढऱ्याने प्यादं ई६ ला सरकवलं. हत्तीने रांग सोडायची ती नेमकी याच क्षणी, आणि जायचं थेट ए१ वर. राजा डी६ वर येऊन एच८ वर मात करायची धमकी देतो, पण डी१ वर शह मिळतो, मग ई१, मग एफ१. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला मागून येणाऱ्या शहांपासून आडोसाच उरत नाही. बरोबरी.

काळ्याने शेवटच्या रांगेवर मात होईल या धास्तीने हत्ती ए८ ला नेला. राजा डी६. ए६ वर शह, राजा ई५. ए५ वर शह, राजा एफ६. शह संपले, हार टळेना. अर्धा गुण गेला. फार वाईट वाटलं, कारण त्याआधीचा बचाव खरोखर सुंदर होता.

शेवटच्या रांगेवर दबून बसणं घोड्याच्या किंवा हत्तीच्या प्याद्यासमोर (म्हणजे बी, जी किंवा ए, एच या उभ्या रांगांतल्या) चालतं. मधल्या प्याद्यासमोर नाही, कारण पांढऱ्या हत्तीला दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळते.

बरोबरीची आणखी एक वाट होती. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर बरोबरीचा दावा करता येतो: चाल स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क जातो. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात, आणि लिहिलेली चाल करावीच लागते.

प्रत्येकी नव्वद मिनिटं अधिक दर चालीला तीस सेकंदांच्या डावात चौथ्या तासाला घड्याळात जेमतेम वाढीव सेकंदच उरतात. तेवढ्यात हे शोधून काढता येत नाही, आधीच हातात बसलेलं असावं लागतं. म्हणून ही पोझिशन पटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळावी, आणि मग प्यादं जी५ वर ठेवून पुन्हा.