मॅडिसन शिकताना: कर्द्याच्या ओहोटीपासून ट्रॅकपर्यंत

सायकलची शर्यत म्हणजे एकट्याचा खेळ, असं दापोलीत मला अजूनही ऐकवलं जातं. मॅडिसन ही जोडीने खेळायची शर्यत पाहिली नसली की असंच वाटणार. बाहेरच्या कडेकडे चढत गेलेल्या लंबगोल ट्रॅकवर एकाच वेळी पंधरा-सोळा जोड्या, म्हणजे तीसेक सायकली. एकाही सायकलीला ब्रेक नाही, पॅडल थांबवायची सोय नाही. जोडीतली एक खाली शर्यतीत असते, दुसरी वरच्या कडेने हळू फिरत असते, आणि दर दोनेक फेऱ्यांनी दोघी जागा बदलतात. बदलताना ना बॅटन, ना टाळी. जोडीदाराचा हात धरायचा आणि तिला पुढे झोकून द्यायचं.

हा प्रकार आला न्यूयॉर्कहून. तिथे मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा-सहा दिवस अखंड चालणाऱ्या शर्यती व्हायच्या आणि माणसं सायकलवरच कोलमडायची. शेवटी एका स्वाराने दिवसाला बारा तासांहून जास्त चालवायचं नाही असा कायदा झाला. त्यावर आयोजकांनी उपाय काढला तो जोडीचा, आणि १८९९ मध्ये दोघांच्या शर्यती सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅडिसन २००० साली सिडनीत आली, मधल्या दोन ऑलिंपिकांत वगळली गेली, आणि टोकियोत परतली तेव्हा पहिल्यांदाच महिलांचीही झाली. लॉरा केनी आणि केटी आर्चिबाल्ड यांनी ती जिंकली. ती शर्यत मी आणि माझी मामेबहीण, म्हणजे ताई, मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघायचो. ताईची नजर स्प्रिंटवर असायची, माझी मात्र वर फिरणारीवर. दमलेली असताना, मान वळवत, तीस सायकलींच्या गर्दीतून आपली नेमकी कुठे आहे हे तिला कसं कळतं?

पुण्यात बालेवाडीला ट्रॅक आहे. तिथल्या सरांनी आमची सायकल चालवणं पाहिलं आणि म्हणाले, "पाय आहेत तुमच्याकडे. हात घरून शिकून या." ट्रॅकवरचा वेळ मोजका मिळतो, तो हात धरायला शिकण्यात घालवू नका, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या घराजवळ कर्द्याचा किनारा आहे. ओहोटीला तिथली ओली वाळू इतकी घट्ट होते की जाड टायरची सायकल रस्त्यासारखी पळते. पण समुद्राच्या वेळेवर आपण चालायचं. मामा होडीवर जाणारा माणूस. तो म्हणाला, "तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ निघते." चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. म्हणजे अष्टमीच्या पहाटे किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही, पाणी वरपर्यंत आलेलं असतं. पुनवेला आणि अवसेला भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, म्हणून ओहोटी नेमकी पहाटे. त्यात उधाणामुळे पाणी खूप आत गेलेलं असतं आणि किनारा दुप्पट रुंद वाटतो. आमचा सराव त्यामुळे पंचांग बघून ठरायचा. शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्या वाळूवर येतात, ते दिवस सोडून द्यायचो.

कर्द्याहून मुरुडच्या दिशेने निघालं की समुद्र डाव्या हाताला राहतो आणि वाळूचा उतारही डावीकडे. ट्रॅकवरही सगळे डावीकडेच वळतात, आणि खालची बाजू डावीच. उतार ट्रॅकच्या मानाने काहीच नाही, पण शरीराला वर-खाली कुठलं ते कळायला पुरतो. म्हणून जाताना हाताचा सराव, येताना नुसती चक्कर.

पहिले काही दिवस सायकल नव्हतीच. चालत हात धरायचा, मग पळत. मागून वेगात येणारी वरच्या बाजूने डावा हात पुढे करते, शर्यतीत शिरणारी खालच्या बाजूने उजवा हात मागे देते. बोटं अडकवायची नाहीत. तळव्यात तळवा घट्ट बसला पाहिजे आणि सुटताना क्षणात सुटला पाहिजे. मग सायकलवर, अगदी सावकाश. दुसरा हात हँडलच्या खालच्या वाकात, कोपर सैल, नजर पुढे. ताई मागून ओरडायची, "हात दे गो!" आणि हात मागे देताना माझी सायकल समुद्राकडे ओढली जायची. एका हाताने सरळ रेषेत चालवणं हाच या सगळ्याचा पाया आहे असं माझं ठाम मत झालंय. ते जमेपर्यंत झोकण्याच्या भानगडीत पडू नये.

झोक बसला तो अवसेच्या एका पहाटे. ताई वेगात आली, हात पकडला, क्षणभर आम्ही कंबरेला कंबर लागेल इतक्या शेजारी होतो आणि मग तिने हात पुढे रेटला. पॅडल न मारता सायकल सुटली! मागे बघितलं तर ताई जागच्या जागी थांबल्यासारखी. तिच्या अंगातला वेग माझ्या अंगात आला होता. मॅडिसनचं सगळं गुपित यातच आहे: वेग नवा तयार होत नाही, एकीचा जातो तो दुसरीला मिळतो.

(खाऱ्या वाळूत सायकल घातली तर त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा, चेन कोरडी करून तेल द्या. दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.)

बालेवाडीला गेल्यावर दोन-तीन दिवस नुसत्या चढाची सवय करण्यात गेले. वरच्या कडेला वेग कमी पडला तर सायकल खाली घसरेल, ही भीती पोटात गोळा आणते. ती हळूहळू गेली. हात मात्र पहिल्याच प्रयत्नात बसला आणि सर नुसते "हं" म्हणाले.

नवीन होता तो हिशोब. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट असतो, पहिल्या चार जोड्यांना ५, ३, २, १ गुण. शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट. सगळ्यांना एक फेरी मागे टाकली तर एकदम २० गुण, आणि आपण मागे पडलो तर २० वजा. आता ताई स्प्रिंटची, माझा दम लांबचा. दोघींनी दोन-दोन फेऱ्या घेतल्या तर दहा फेऱ्यांत पाच पाळ्या होतात. पहिला स्प्रिंट ताईच्या वाट्याला आला तर पुढचा आपोआप माझ्या वाट्याला. तो तिच्याकडेच राहावा म्हणून आम्ही ठरवलं: मी तीन, ताई दोन, मी तीन, ताई दोन.

आणि इथेच वर फिरणारीचं काम कळलं. ताई दोन फेऱ्या मारते तेव्हा मला वर निम्म्या वेगाने बरोब्बर एक फेरी पुरी करायची असते. मी तीन मारते तेव्हा तिला दोन-तृतीयांश वेगाने दोन. मिनिटभराच्या आत श्वास खाली आणायचा, खालून जाणाऱ्या जोड्यांच्या वाटेत यायचं नाही, मान वळवून आपली शोधायची, ती येण्याआधी खाली उतरून वेग घ्यायचा. लोक याला विश्रांती म्हणतात. माझ्या मते शर्यत तिथेच जिंकली जाते. खाली नुसते पाय लागतात, वर डोकं लागतं.

शिबिराच्या शेवटी सरांनी जोड्या लावून सरावाची शर्यत घेतली. पहिल्या स्प्रिंटला आम्ही गर्दीत अडकलो. दुसऱ्याआधी मी तिसरी फेरी कशीबशी ओढत होते, मांड्या पेटल्या होत्या, आणि समोर ताई खाली उतरताना दिसली, अगदी जिथे हवी तिथे. हात मागे आलेला होताच. मी सगळा जोर त्या हातात दिला. ती दोघींना मागे टाकून दुसरी आली. तीन गुण! वर चढत मी एकटीच ओरडत होते. नंतर एका जोडीने सगळ्यांना फेरी मारली, त्यांना कुणी गाठू शकलं नाही. आम्ही मधल्या जागी राहिलो, पण एकही बदल चुकला नाही.

पावसाळ्यात किनारा बंद, समुद्र पार वाडीपर्यंत येतो. तेव्हा रोलरवर, म्हणजे फिरत्या नळ्यांवर जागच्या जागी सायकल चालवून, पाय चालू ठेवतो. गणपती झाले की पुन्हा पहाटेची ओहोटी. दोन-दोन फेऱ्यांच्या पाळ्या घ्यायच्या आणि एकाआड एक स्प्रिंट मी मारायचा, असं ताईने परस्पर ठरवून टाकलंय. सरांना फोन करून तिने त्यांचा होकारही मिळवलाय.