कोल्ड स्टार्टची खडखड: चोर फिल्टरच्या आत निघाला

चोर सापडला! रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला स्टार्ट मारला की टायमिंग चेनच्या (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणाऱ्या साखळीच्या) बाजूने येणारी ती खडखड आता जवळजवळ गेली आहे. त्यासाठी ऑइलचा ग्रेड बदलावा लागला नाही, ऑइलच्या दाबाने चेन ताणून धरणारा टेन्शनरही उघडावा लागला नाही. मागच्या नोंदीत मी नवा टेन्शनर मागवणार असं लिहिलं होतं, तो बेत रद्द. सगळा खेळ ऑइल फिल्टरच्या आतल्या ड्रेनबॅक व्हॉल्व्हचा, म्हणजे इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू न देणाऱ्या एका पातळ रबरी चकतीचा होता.

इंजिन तेच: चार सिलेंडर, पेट्रोल, टर्बो नाही, टायमिंगला चेन, आणि फिल्टर ब्लॉकला आडवा. हे आडवं बसणं आज सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. ज्यांचा फिल्टर आटे वर आणि तळ खाली असा लटकतो, त्यांच्या फिल्टरमधलं ऑइल इंजिन बंद झाल्यावरही बहुतांश जागेवरच राहतं. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरला मात्र ऑइल धरून ठेवायला त्या चकतीशिवाय कोणी नाही.

मागे आपण ५डब्ल्यू-३० काढून ५डब्ल्यू-४० (पहिला आकडा थंडीतल्या दाटपणाचा, दुसरा तापलेल्या ऑइलच्या) भरलं होतं आणि आवाज तसाच राहिला होता. मला तर तो किंचित जास्त वेळ टिकतो असं वाटत होतं, पण नुसत्या कानावर भरवसा ठेवून लिहायची इच्छा नव्हती. आता त्याचं कारण नीट मांडता येतं. दोन्ही ऑइलवर '५डब्ल्यू' लिहिलेलं असलं तरी सकाळच्या साध्या थंडाव्यात ती सारखी पातळ नसतात. ५डब्ल्यूची चाचणी होते उणे ३० अंशांवर क्रँकिंगसाठी, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरण्यासाठी, आणि उणे ३५ अंशांवर पंपिंगसाठी. १५-२० अंशांवर गाडी सुरू करणाऱ्याला त्या चाचण्या थेट काही सांगत नाहीत. तिथे ४० चं ऑइल ३० पेक्षा दाटच असतं, आणि रिकामी झालेली वाट भरायला त्याला थोडा जास्तच वेळ लागतो. 'खडखड आहे? मग जाड ऑइल घाला' हा सल्ला या दुखण्यावर उलटा आहे, हे माझं मत आता पक्कं झालं आहे.

आता मूळ शोधाकडे येतो.

पहिला धागा मिळाला तो गाडी किती वेळ उभी होती यावरून. गरम इंजिन बंद करून लगेच सुरू केलं तर आवाज नाही. अर्ध्या तासाने नाही. दुपारभर उभी राहिली तर हलकासा, आणि रात्रभर राहिली तर पुरा. म्हणजे काहीतरी हळूहळू रिकामं होत होतं. संशयित तीन: फिल्टरमधून मागे उतरणारं ऑइल, दाब सोडणारा हायड्रॉलिक टेन्शनर, किंवा ऑइल पंपाच्या पिकअप नळीची (तळातून ऑइल ओढणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, जिच्यातून पंप हवा ओढतो. तिघांचंही लक्षण कानाला अगदी एकच, त्यामुळे नुसतं ऐकून निदान करणं शक्यच नव्हतं.

म्हणून ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी 'टी', म्हणजे तीन तोंडांची जोडणी, लावली. एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला मेकॅनिकल गेज. इथे एक सूचना: टी सोबत आलेला अडॅप्टर डोळे झाकून घट्ट करू नका. स्विचचे आटे निमुळते असतात आणि त्यांचे प्रकार दिसायला फार जवळचे असतात. चुकीचा अडॅप्टर सुरुवातीला बसतो आणि मग ब्लॉकचे आटे खातो. माझ्या किटमध्ये आलेला अडॅप्टर मी वापरलाच नाही, स्विचवरचे आटे मोजून वेगळा आणला. त्या किटमधला गेज मात्र उत्तम निघाला. काटा थरथरत नाही आणि शून्यावरून उठतानाचा क्षण स्वच्छ दिसतो. आपल्याला नेमकं तेच हवं होतं.

मोबाइल गेजसमोर उभा केला, म्हणजे काटा आणि आवाज एकाच व्हिडिओत. नंतर तो हळू करून पाहिला. जुन्या फिल्टरवर स्टार्टर फिरल्यापासून काटा अडीच सेकंदांहून जास्त वेळ शून्याला चिकटून होता, आणि काटा उठला त्याच क्षणी खडखड थांबली. हे बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच!

याचा अर्थ असा. स्विचची जागा फिल्टरच्या पुढच्या मुख्य गॅलरीत, म्हणजे इंजिनभर ऑइल पोचवणाऱ्या वाटेत, आहे. दोष फक्त टेन्शनरचा असता तर गॅलरीत दाब वेळेवर आला असता आणि आवाज त्यानंतरही थोडा चालू राहिला असता. इथे गॅलरीतच दाब उशिरा येत होता, म्हणजे टेन्शनर बिचारा ऑइलची वाट बघत होता. टेन्शनर सुटला. राहिले फिल्टर आणि पंप.

या दोघांना वेगळं करायला ऑइल तेच ठेवून फक्त फिल्टर बदलला. सांडलं तेवढं ऑइल डिपस्टिक बघून वरून भरलं. नव्या फिल्टरची चकती सिलिकॉनची, बाकी माप तेच. दुसऱ्या सकाळी काटा एका सेकंदाच्या आत उठला. त्यानंतरच्या सकाळीही तसंच. पंप आणि पिकअप नळीही सुटली.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण 'नवा फिल्टर होता म्हणून फरक पडला' हा आक्षेप माझाच मला सतावत होता. म्हणून टेबलावर चाचणी मांडली. त्याच जुन्या जातीचा एक कोरा फिल्टर, माझा काढलेला वापरलेला, आणि सिलिकॉनवाला, असे तीन. मधल्या आट्यांच्या भोकाला रबरी बूच, आणि बुचातून वर वळवलेली बारीक नळी. नळी गरजेचीच आहे, कारण हवा आत जायला वाट नसेल तर गळकी चकतीसुद्धा ऑइल धरून बसते आणि निकाल फसवा येतो. इंजिनात ती हवा बेअरिंगच्या फटींतून गॅलरीत शिरते. फिल्टर भरून ट्रेवर आडवे ठेवले आणि बाहेरच्या लहान भोकांकडे लक्ष ठेवलं.

सिलिकॉनवाल्याखालचा ट्रे सकाळी जवळजवळ कोरडा. वापरलेल्याने बरंच ऑइल सोडलं होतं, ते अपेक्षितच. पण कोऱ्या फिल्टरनेही ट्रे ओला केला होता, आणि हे मला मोलाचं वाटतं. म्हणजे त्या जातीची चकती नवी असतानाही नीट बसत नाही, आणि वापराने ती आणखी बिघडते.

मग वापरलेला कापला. हॅकसॉने कापू नका. लोखंडाचा कीस घडीच्या कागदात शिरतो आणि मग तो इंजिनमधून आला की पात्यातून, हे कळायचा मार्ग उरत नाही. पाइपकटरसारखा चाक फिरवत कापणारा फिल्टर-कटर मिळतो, तो वापरा. हे हत्यार मी घेतलेल्या हत्यारांमधलं सगळ्यात समाधान देणारं आहे. कडा स्वच्छ निघते, तळ झाकणासारखा वेगळा होतो. आत चकती काळ्या नायट्राइल रबराची, कडेला कडक झालेली आणि एका बाजूला किंचित वळलेली. नायट्राइल उष्णतेने असं ताठरतं. सिलिकॉन बराच काळ लवचिक राहतं. फक्त रंगावर जाऊ नका: नारिंगी किंवा लाल चकती बहुधा सिलिकॉनची असते, पण काळ्या रंगातही सिलिकॉन येतं. दुमडून बघणं हाच खरा मार्ग. लहान भोकांतून बोथट काडीने दाबूनही कल्पना येते.

कागद, घड्या, गोंद, टोकाच्या चकत्या, सगळं ठीक होतं. चुंबक फिरवला, उल्लेख करण्यासारखं काही लागलं नाही. म्हणजे हा फिल्टर गाळायच्या कामात वाईट नव्हता, तरीही माझ्या इंजिनला चुकीचा होता. घड्या मोजून आणि डब्याचं वजन करून फिल्टरची प्रतवारी लावणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यासाठीच. गाळण्याबद्दल बोलायचं तर 'कार्यक्षमता ९९%' एवढ्याला अर्थ नाही. किती मायक्रॉनच्या कणांना ९९%, आणि आयएसओ ४५४८-१२ या फिल्टर-चाचणीच्या मानकाप्रमाणे मोजलं का, हे सोबत हवं. २० मायक्रॉनला ९९% आणि ४० मायक्रॉनला ९९% यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चकती मिळाल्यावर मोह झाला की याच जातीचा एक उंच डबा लावावा, कागद जास्त, ऑइल थोडं जास्त मावेल. जागा आहे, गॅस्केटचा व्यासही जुळतो. पण दोन गोष्टींनी थांबवलं. पहिली, बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे कागद चोंदला तर ऑइलला बाजूने वाट देणारी झडप. माझ्या इंजिनचा बायपास फिल्टरमध्येच आहे. काही इंजिनांत तो ब्लॉकच्या बाजूला असतो आणि फिल्टरमध्ये नसतो. तसला फिल्टर चुकून माझ्या इंजिनवर चढला आणि कागद चोंदला, तर ऑइलला दुसरी वाट नाही. बायपास किती दाबाच्या फरकाला उघडतो हा आकडाही जुळला पाहिजे, साधारण अर्ध्या ते दीड बारच्या दरम्यान तो असतो. उंच डब्यावर तो आकडाच छापलेला नव्हता.

दुसरी गोष्ट आट्यांची, आणि ही धोक्याची आहे. एम२० × १.५ (व्यास २० मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) आणि पाऊण इंच-१६ (इंचाला १६ आटे) हे दोन आटे डोळ्यांना एकच वाटतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, आणि त्याचा पिच जवळपास १.५९ मिमी. एम२० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर (ब्लॉकवरच्या आट्यांच्या नळीवर) सहज फिरतो, गॅस्केट टेकल्यावर घट्टही वाटतो. धरून मात्र काठाकाठानेच असतो. थंड इंजिनात दाब चढला की सुटू शकतो, आणि मग सगळं ऑइल काही क्षणांत बाहेर. फिल्टर आट्यांवर लडबडतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला खोक्यावर बरोबर भाग क्रमांक आणि आत दुसऱ्याच आट्यांचा डबा असा माल पाठवला होता. तो परत गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक फिल्टर लावण्याआधी आट्याला गेज लावतो. उंच डब्याचा विचार सोडला.

बसवण्याबद्दल थोडक्यात: जुनं गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना ते बघा, नव्याला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर डब्यावर लिहिलं असेल तेवढंच हाताने फिरवा, बहुधा पाऊण फेरा. पाना काढण्यासाठी, बसवण्यासाठी नाही. माझी पसंती डब्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्याला. पट्ट्याचा पाना ऑइल लागलेल्या डब्यावर घसरतो.

आता ऑइल. फिल्टरचा प्रश्न सुटल्यावर ५डब्ल्यू-४० ठेवायचं कारण उरत नाही. मॅन्युअल दोन्ही चालवतं, पहिली पसंती ५डब्ल्यू-३०. कोणी म्हणेल, तापलेल्या इंजिनात संरक्षणाचं काय? तर तिथे बघायचा आकडा एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर जोराने घासलं जातानाची चिकटता. ३० च्या ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. माझ्या इंजिनला २.९ पुरतं, कारण बनवणाऱ्यानेच ते धरलेलं आहे.

एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी श्रेणीचंच ऑइल घेणार हे मात्र ठाम. २०२० मध्ये आलेल्या या श्रेणीत टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे, आणि चेनवाल्या इंजिनासाठी मला ती 'फुल्ली सिंथेटिक' या छापापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. त्यानंतरच्या एसक्यू श्रेणीचा कॅन मिळाला तरी हरकत नाही, पेट्रोलच्या नव्या श्रेणी जुन्यांच्या जागी चालतात.

हे लिहिता लिहिता दुसरा विचार आला. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या ए३/बी४ श्रेणीचं ५डब्ल्यू-३० घेतलं तर एचटीएचएस ३.५ च्या वर मिळतं, म्हणजे लांबच्या घाटात ४० ची ताकद ३० च्या नावाखाली. पण असं ऑइल ३० च्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतं, सकाळी फार पातळ नसतं, आणि चेनची ती चाचणी त्यात गृहीत धरता येत नाही. कॅनवर एसपीही छापलं असेल तरच. त्यामुळे आधी साधं एसपी, ए३/बी४ त्यापुढच्या बदलीला गेज लावून तपासू. डिझेल आणि डीपीएफवाल्यांनी (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असणाऱ्यांनी) हा परिच्छेद स्वतःला लावू नये. तुमच्या मॅन्युअलमध्ये एसीईएची सी३ श्रेणी असेल तर सी३च, त्यात राख ०.८ टक्क्यांवर मर्यादित असते आणि ती मर्यादा डीपीएफसाठीच आहे.

एक गोष्ट उरली आहे. नव्या फिल्टरवरही काटा उठायच्या आधी एक बारीक टिक येते, अर्ध्या सेकंदाची. ती चेनची नसावी, आवाज जास्त वरून येतो. माझा संशय व्हीव्हीटीच्या फेझरवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ ऑइलच्या दाबाने मागेपुढे करणाऱ्या भागावर, आहे: त्याची लॉक पिन बंद होताना नीट बसली नाही तर ऑइल येईपर्यंत तो मोकळा हलतो. आधी ठरवलं होतं की सोलेनॉइड (फेझरला ऑइल सोडणारी विजेवरची झडप) काढून त्याची जाळी साफ करायची. पण आता वाटतं, इंजिन बंद करण्याआधी थोडा वेळ आयडलला ठेवून बघावं; पिन आयडलच्या स्थितीत बसते, त्यामुळे टिक गेली तर सोलेनॉइडला हात लावायची गरजच नाही. फुकटची चाचणी आधी.

गेज तोपर्यंत जागेवरच राहील. सिलिकॉनवाला फिल्टर पूर्ण मुदत चालवून, काढल्यावर त्याचीही ट्रेवर तीच चाचणी घेऊन, मग कापणार. ज्यांचा फिल्टर आडवा आहे त्यांनी रात्रभराच्या स्टार्टला काटा उठायला लागलेला वेळ आणि चकतीचा प्रकार कळवा, एकत्र तक्ता करतो.