चालू सर्व्हरचा बिघाड

खरीप कर्जवाटपाच्या ऐन गर्दीत यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेतून तक्रार आली. सर्व्हर बंद पडलेला नव्हता. तो फार सावकाश चालत होता, एवढेच तिचे म्हणणे होते. अशी तक्रार आम्ही हार्डवेअरची देखभाल करणारे सॉफ्टवेअरवाल्याकडे ढकलतो आणि तो ती आमच्याकडे परत ढकलतो. ही तशीच फिरून आली होती.

सर्व्हरच्या खोलीचे दार लावलेले होते. ‘‘भलताच आवाज करते सायेब, फोनवरचं बोलणं आयकू येत नाही,’’ असे शिपायाने सांगितले. दोन प्रोसेसरच्या त्या सर्व्हरमधील ओळीने बसवलेल्या पंख्यांपैकी एक थांबला होता आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी बाकीचे पूर्ण वेगाने फिरत होते. म्हणजे ज्या आवाजावरून बिघाड कळायला हवा, त्यालाच कंटाळून लोकांनी दार लावून घेतले आणि आतली हवा आणखी तापवली. शेजारी जिनिंग असल्यामुळे पुढच्या जाळीवर रुईचा असा थर बसला होता की तो नखाने सोलल्यावर अखंड वातीसारखा हातात आला.

सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी एक स्वतंत्र चिप असते. सर्व्हर बंद केला तरी केबलमधून वीज येत असेपर्यंत ती जागी राहते आणि घडामोडी नोंदवून ठेवते. ती नोंदवही उघडली, तेव्हा सारे आधीच लिहिलेले सापडले. दुसऱ्या प्रोसेसरकडील रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, एका पट्टीत दुरुस्त होणाऱ्या चुका मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा फेब्रुवारीतला होता. पुढे जूनमधल्या एका रात्री दुरुस्त न होणारी चूक आली, सर्व्हर आपणहून थांबला, पुन्हा सुरू होताना त्याने ती पट्टी वगळली आणि उरलेल्या मेमरीवर सकाळी कामाला लागला. डेटाबेसला ती पुरेना, म्हणून तो सारखा डिस्ककडे धावू लागला. सावकाशपणाचे मूळ ते होते.

या रचनेचे मला आजही कौतुक वाटते. अशा मेमरीत माहितीच्या दर ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट ठेवण्याची पद्धत रूढ आहे. त्यांच्या आधारे एक बिट चुकला तर तो जागीच दुरुस्त होतो आणि दोन चुकले तर निदान चूक झाल्याचे कळते. आठवड्याच्या सुटीत कोणी हजर नसताना यंत्र चूक पकडून काम सोडून देते, या वैतागातून अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग या विचाराकडे वळले आणि १९५० मध्ये त्यांनी त्याचे गणित प्रसिद्ध केले. चुकीचा आकडा एखाद्या शेतकऱ्याच्या कर्जखात्यात जाऊ देण्यापेक्षा थांबणे बरे, हे त्या रात्री सर्व्हरने बरोबर ओळखले.

पंखा चालू सर्व्हरमध्येच बदलला. त्याची कळ केशरी आहे, म्हणजे वीज न काढता हात घालण्याची मुभा आहे. रॅमची खूण निळी, म्हणजे आधी वीज काढायची; त्यासाठी मात्र काउंटर बंद होईपर्यंत थांबावे लागले. केबल काढल्यावर बोर्डावरचे छोटे बटण दाबले, की साठवलेल्या विजेवर दोषी पट्टीशेजारचा दिवा क्षणभर लागतो. पट्टी शोधावी लागतच नाही.

मागे वाकून पाहिले तेव्हा मात्र राग आला. एक बिघडला तर दुसऱ्याने भार उचलावा म्हणून दिलेले दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणि तो बोर्ड एकाच यूपीएसला जोडलेला होता. वायरिंग करणाऱ्याला मोकळे सॉकेट दिसले, एवढाच त्याचा हिशेब असावा.

व्यवस्थापकांना नोंदी दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले, ‘‘चालू होतं नं भाऊ, मंग बिघाड कायचा?’’ मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण आमच्या देखभाल करारातही ‘यंत्र बंद पडल्यास’ असेच शब्द आहेत. फेब्रुवारीचा इशारा त्या करारानुसार कोणाच्याच कामाचा नव्हता, आणि सर्व्हरने इतके निमूट सोसले नसते तर ती पट्टी मार्चमध्येच बदलली गेली असती, असे मला अजून वाटते. पण मग पहिल्याच चुकीला थांबणारे यंत्र कर्जवाटपाच्या दिवसांत कोणाला परवडले असते, याचेही उत्तर माझ्याकडे नाही.

इशाऱ्यांचा ईमेल तिथल्या संगणक लिपिकाच्या मोबाइलवर येईल अशी सोय करून दिली. दुसऱ्या यूपीएसचा विषय संचालक मंडळाच्या पुढच्या सभेवर गेला आहे. तोवर एक पॉवर सप्लाय भिंतीतल्या थेट सॉकेटला जोडून ठेवला आहे.