नवव्या दिवसाचा खांदा

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फॉलो-अपचा मोबाइल वाजला. साताऱ्याहून पेशंटचे यजमान बोलत होते. "सिस्टर, हिचा डावा खांदा रात्रभर ठणकतोय. इथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो नॉर्मल आहे. गॅस असेल म्हणाले. घरी सोडताना तुम्हीच सांगितलं होतं ना, खांदा दुखतो म्हणून?"

सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. पण त्या दुखण्याला मुदत असते.

ताईंची वजन कमी करण्यासाठीची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली होती. यात जठराचा बाहेरचा फुगीर भाग, जवळजवळ तीन चतुर्थांश, स्टेपल मारून कापून काढतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी ठेवतात. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाला फुगवलेलं असतं. शेवटी वायू काढून घेतला तरी थोडा श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, अडकतो. श्वासपटलाची नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते. खांद्याच्या कातडीची जाणीवही तिथूनच मेंदूकडे जाते. म्हणून चिडलेलं असतं श्वासपटल आणि दुखतो खांदा. हे दुखणं पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी जोरात असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ओसरतं. दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं चालणं, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी आणि श्वासाने तीन छोटे चेंडू वर उचलायच्या स्पायरोमीटरवर तासाला दहा खोल श्वास, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. ओवा, सोडा किंवा गॅसच्या गुलाबी औषधाचा इथे उपयोग नाही, कारण हा गॅस आतड्यात नसून आतड्याच्या बाहेर असतो. सोडा तर या दिवसांत घ्यायचाच नाही.

ताईंचा खांदाही दुसऱ्या दिवशी दुखला होता आणि चौथ्या दिवशी थांबला होता. सातव्या दिवसाच्या फोनवर त्या "एकदम छान" म्हणाल्या होत्या. आज नववा दिवस होता. इतक्या दिवसांत तो वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे कधीच निघून गेलेला असतो. थांबलेला डावा खांदा नव्याने दुखू लागला, तर श्वासपटलाला खालून दुसरं काहीतरी टोचत आहे असंच धरावं लागतं.

मी विचारलं, "दादा, घरात ऑक्सिमीटर आहे?" करोनापासून बहुतेक घरांत तो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असतोच.

"लावलाय सिस्टर. सत्त्याण्णव आहे, चांगला आहे."

"दुसरा आकडा सांगा. पीआर लिहिलेला."

"एकशे बावीस."

जवळजवळ सगळी घरं पहिलाच आकडा वाचतात. तो ऑक्सिजनचा. वजनाच्या ऑपरेशननंतर घरी बसून मला हवा असतो तो दुसरा, नाडीचा. ताईंना दहा मिनिटं टेकून बसायला सांगून पुन्हा मोजायला लावलं. ११८. घरी सोडताना नाडी ८४ होती.

नाडी वाढण्याची साधी कारणंही असतात, ती आधी तपासावी लागतात. सगळ्यात मोठं कारण म्हणजे पाणी कमी पडणं. आमचं माप ठरलेलं आहे, औषधाच्या झाकणाने ३० मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी. म्हणजे तासाला १२० आणि जागेपणी दीड लिटरच्या आसपास. ताईंचं पाणी, ताकाची निवळी आणि वरणाचं पाणी मिळून आदल्या दिवशी चौदाशे झालं होतं. लघवी पाच वेळा, रंग फिका. पाण्याने हा आकडा वाढलेला नव्हता.

ताप नव्हता. मात्र पॅरासिटामॉल ६५०ची गोळी कुटून त्या दर सहा तासांनी घेत होत्या. पॅरासिटामॉल ताप झाकतं, पण आत जंतुसंसर्ग असेल तर नाडी सहसा चढलेलीच राहते. याच्या उलटही एक फसगत आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी ९५वरच अडकते आणि घरचे निर्धास्त राहतात. ताईंना तशी गोळी नव्हती. पोट कडक लागत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. जाड पोटाच्या भिंतीमागे आतला दाह हाताला बऱ्याचदा लागतच नाही, त्यामुळे मऊ पोटावर विसंबता येत नाही. डाव्या खांद्याच्या दुखण्यासाठी कार्डिओग्राम काढणं मात्र अगदी योग्य होतं, तो काढायलाच हवा.

दादांना चार गोष्टी सांगितल्या. आता तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. डायक्लोफिनॅकचं, म्हणजे दुखणं थांबवायचं, इंजेक्शन घेऊ द्यायचं नाही. वाटेत कुठे दाखवलंच, तर नाकातून पोटात नळी घालू द्यायची नाही, कारण ताज्या स्टेपलच्या रेषेवर अंदाजाने सरकवलेली नळी तीच रेषा उसवू शकते. आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन, सलाईन लावून, ॲम्ब्युलन्सने निघायचं. "उद्या सकाळी आणलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दादा, आत्ताच निघा." मग सर्जनना फोन केला आणि सीटी स्कॅनची वेळ धरून ठेवली.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून ते पुण्यात पोचेपर्यंत साडेअकरा झाले. सीटीच्या आधी पाण्यात मिसळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, दोन-तीन घोट प्यायला दिलं. चित्रात डाव्या श्वासपटलाखाली चार सेंटिमीटरचा साठा दिसला आणि नळीच्या वरच्या टोकापासून त्याच्याकडे गेलेली कॉन्ट्रास्टची बारीक रेघ. लीक होता, म्हणजे स्टेपलची रेषा एका जागी उसवून आतलं बाहेर झिरपत होतं.

स्लीव्हचा लीक बहुतेक वेळा याच जागी होतो, अन्ननलिका जठराला मिळते तिथे. प्लीहेकडून येणाऱ्या आखूड रक्तवाहिन्या तोडलेल्या असल्याने या कोपऱ्याला रक्त कमी मिळतं. शिवाय अरुंद नळीच्या खालच्या तोंडाशी पायलोरसची झडप शाबूत असते, म्हणून आतला दाब वर चढतो. नळी मध्ये कुठे आवळली गेली असेल, तर दाब आणखी वाढतो. शंभरांत एखाद-दुसऱ्याच पेशंटला हे होतं, पण होतं तेव्हा कित्येकदा घरी गेल्यावर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत.

त्याच दुपारी रेडिऑलॉजिस्टनी सोनोग्राफीत बघत बरगडीखालून ड्रेन, म्हणजे साठा बाहेर काढणारी नळी, घातला. साठ मिलिलिटर पू निघाला आणि संध्याकाळपर्यंत नाडी १०२वर आली. पुढच्या दिवसांत दुर्बिणीतून लीकच्या तोंडात दोन छोट्या वळणदार नळ्या बसवल्या, म्हणजे साठा आतल्या आत जठरात रिकामा होत राहतो. नाकातून एक बारीक नळी लीकच्या पलीकडे, लहान आतड्यात नेली. तिथे तासाला २० मिलिलिटरपासून सुरू करून हळूहळू ७०पर्यंत पातळ आहार दिला.

आता ताईंना तीन जागा दुखत होत्या, आणि कुठलं दुखणं कशाचं हे त्यांना समजलं नसतं तर त्या प्रत्येक कळेला घाबरल्या असत्या. ड्रेनपाशी श्वास घेताना चमक येते, कारण नळी बरगडीखालच्या नसेला घासते. तिथे उशी दाबून धरून खोकायचं. नाकातल्या नळीने घसा खरवडतो, त्यावर वाफ. तिसरी जागा पोटावरच्या सर्वात मोठ्या, १५ मिलिमीटरच्या छिद्राची. कापलेलं जठर तिथून बाहेर काढतात आणि खाली पोटाच्या भिंतीला आतून टाका घालतात. उठताना तिथे ओढ बसते. एका अंगावर वळून, पाय खाली सोडून, कोपराच्या जोराने उठलं की ती निम्मी होते. ही तिन्ही दुखणी रोज थोडी कमी व्हायला हवीत. यातलं एखादं उलटं वाढू लागलं किंवा त्यासोबत नाडी चढली, की पुन्हा सीटी.

दादांनी वहीत रांगा आखल्या, सकाळ-संध्याकाळ नाडी, ताप, ड्रेनचं माप, रंग. पंधरा मिलिलिटर, दहा, पाच. सहाव्या आठवड्यात कॉन्ट्रास्ट नळीतून सरळ खाली गेलं, बाहेर कुठेच पसरलं नाही. ताईंनी पहिला घोट पाण्याचा घेतला, साधा.

घरी जायच्या दिवशी दादांनी पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढली. "हिचे गुडघे दुखतात, ही चालेल ना? यात पॅरासिटामॉलच आहे." मागे बारीक अक्षरात दोन नावं होती, पॅरासिटामॉल ३२५ आणि ॲसिक्लोफिनॅक १००. मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी ही जोडगोळी आहे, आणि दुसऱ्या नावाने जठराचं अस्तर सोलवटतं. वजनासाठी जठराचा बायपास झालेल्यांना, म्हणजे जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडलेल्यांना, जोडाच्या जागी अल्सर होऊन तो फुटल्याचं मी पाहिलं आहे. त्यांना ही औषधं कायमची वर्ज्य. ताईंसारखा लीक होऊन गेलेल्यांनीही सर्जनना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाहीत.

बायपासवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे वेळ हातची जाते. ऑपरेशननंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी, जेवणानंतर डाव्या बरगडीखाली किंवा पाठीत मुरडा येतो, तासाभरात थांबतो आणि पुन्हा येतो. वजन उतरताना आतड्याच्या पडद्यातली चरबी वितळते, ऑपरेशनमध्ये तयार झालेल्या फटी रुंदावतात आणि आतडं त्यांत शिरतं. उलटी होईलच असं नाही, साधा एक्स-रे आणि रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते, क्वचित सीटीसुद्धा. तरीही दुखणं परत येत असेल तर सर्जन दुर्बिणीने आत बघतात, कारण पीळ पडलेलं आतडं काही तासांत काळं पडतं.

ती पट्टी मी दादांकडून मागून घेतली आणि ताईंच्या डिस्चार्ज कार्डावर, नाडीच्या रकान्याच्या वर, दोन ओळी लाल शाईने लिहून दिल्या. ऑक्सिमीटरचा पीआर आकडा बघा. बसून दहा मिनिटांनीही ११०च्या वर असेल तर वेळ कुठलीही असो, फोन करा.